दादाला सांगितलंय

...आणि वर मलाच म्हणते, "दादा, तू असं करशील असं वाटलं नव्हतं." असं म्हणजे कसं? तर वेळेवर! बरं, अगदी वेळेवर नाही, चार वर्षांनी, पण केलं ना? सख्खी आई आहे हो माझी. परकं कुणी बोललं असतं तर सोडून दिलं असतं, तसंही मी सगळं सोडूनच देतो, पण आई?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही तिच्याच बाजूचे व्हाल.

आमचे बाबा टेलर. ते गेले, त्याला चार वर्षं झाली, आणि त्यांचं पायाचं मशीन राहिलं स्वयंपाकघराच्या शेजारच्या कोपऱ्यात. आता त्याच कोपऱ्यात नळ आहे, प्लग आहे, म्हणून आमच्या हिला तिथे हवं कपडे धुण्याचं मशीन. म्हणजे मशीन काढून मशीन ठेवायचं, साधी गोष्ट. हिने विचारलं, "आई, ते शिलाई मशीन द्यायचं ना कुणाला तरी?" आई म्हणाली, "हो तर. दादाला सांगितलंय गिऱ्हाईक बघायला." झालं. पुढच्या महिन्यात शेजारीण म्हणाली, अजून इथेच का हो? "दादाला सांगितलंय." धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं. "दादाला सांगितलंय." आणि सांगितलं होतं, नाही म्हणत नाही. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "बघतो." मी 'बघतो' म्हटलं की आईच्या चेहऱ्यावर अशी काही शांती यायची की मला वाटायचं, बघा, किती विश्वास आहे माऊलीचा. दर रविवारी ती मशीनला तेल घालायची, फडक्याने चाक पुसायची. मला वाटायचं, गिऱ्हाईकाला दाखवायला लखलखीत ठेवतेय बिचारी, आणि आपण करंटे गिऱ्हाईकच आणत नाही. रविवारी मला जेवण गोड लागत नसे हो.

अशात आमच्या ऑफिसात टाळाटाळीवर मात करायचं शिबिर लागलं. दोनदा पुढे ढकललं, पण झालं. साहेबांनी मुद्दाम मला पहिल्या रांगेत बसवलं, मागून दोन-तीन जण हसले, असो. शिकवणाऱ्या बाई मोठ्या खमक्या. म्हणाल्या, "अंगावर पडलेलं सगळ्यात जुनं काम कुठलं? ते आधी. आजच. चहाच्याही आधी." मी यादी केली. दोन्ही बाजूंनी कागद भरला. वरतीच, मशीन. दुसरं एक काम होतं, ते तर मी तिथूनच एका फोनवर उरकलं, ते सांगतो नंतर. आणि तडक गेलो गल्लीच्या तोंडाशी टेलरकडे. चहाच्या आधी गेलो. म्हणजे एक कप झाला होता, पण शिबिराच्या आधीचा.

टेलर आला, मशीन बघितलं, पॅडलवर हात ठेवला, चाक फिरवलं, म्हणाला, "सोन्यासारखं ठेवलंय. उद्या माणूस पाठवतो, घेऊन जाईल." आईने त्याला पाणी दिलं. चहा नाही, नुसतं पाणी. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण मी पडलो सुधारलेला माणूस, मी दाराशी छाती काढून उभा!

उद्या आला. माणूस आला नाही. फोन केला. "अहो, उद्या नक्की. शाळेचे गणवेश आलेत हो, मान वर करायला फुरसत नाही." परवा केला. "काज-बटणं करणारा पोरगा आजारी आहे." तेरवा केला. "माणूस निघालाच होता, पण चप्पल तुटली." चप्पल तुटली? आता मला सांगा, ही कारणं मला ऐकवायची? मी ह्या धंद्यात चाळीस वर्षं काढलीत. चप्पल तुटल्याचं कारण मी शाळेत असताना वापरायचो! सतरा दिवस, रोज एक फोन, आणि रोज मला तिकडून माझाच आवाज ऐकू यायचा. हिला म्हटलंसुद्धा, "काय माणसं असतात, एक काम धड करत नाहीत." ही भाजी चिरत होती, चिरत राहिली.

अठराव्या दिवशी मी रजा टाकली. हातगाडी आणली. हातगाडीवाला आणि मी, दोघांनी ते धूड उचललं, माझ्या कमरेतून कट्ट आवाज आला, तरी उचललं. आई दारात येऊन म्हणाली, "आज? ऑफिस नाही का रे तुला?" म्हटलं, "आई, आज तुझं काम करूनच येतो." ती आत गेली, तेलाची कुपी घेऊन आली, माझ्या हातात दिली. "ही पण ने. दुसरं तेल त्याला चालत नाही." आणि लगेच आत वळली. मला वाटलं, बघा, किती आठवणीने देते.

दुकानासमोर गाडी लावली, तर टेलरचा चेहरा पांढराफटक. खडू हातातून पडला. "अहो, तुम्ही आणलंत कशाला? आईंनी तर..." आणि जीभ चावली. म्हटलं, आईंनी काय? बोला. मग बोलला. "तुम्ही येऊन गेलात, त्याच संध्याकाळी ब्लाउज टाकायला म्हणून आल्या होत्या. म्हणाल्या, माझा मुलगा सुधारलाय रे, आता माझं कसं व्हायचं? तो फोन करेल, तू नुसतं उद्या, उद्या म्हणत राहा. दमेल तो. अहो, मी काज करायला तुमच्या बाबांकडे शिकलो, ह्याच मशीनशेजारी बसून. मी नाही म्हणू त्यांना? ब्लाउज मात्र खरंच राहून गेलाय, तेवढं सांगा त्यांना."

ऐकलंत? म्हणजे चार वर्षं 'दादाला सांगितलंय' ह्याचा अर्थ काय होता? तर 'हे होणार नाही.' सगळ्या घराला ठाऊक, शेजारणीला ठाऊक, एक दादा सोडून!

मशीन परत आणलं. दुसरं काय करणार? आई दारातच उभी. म्हटलं, "आई, नाही द्यायचं, असं मला सांगायचंस ना." तर म्हणते, "कसं सांगू? सुनेला कोपरा हवा. घर तिचंही आहे. नाही म्हटलं तर तिला वाईट वाटणार, हो म्हटलं तर हे जाणार. तुला सांगितलं की दोन्ही वाचायचं." आणि ही आतून काय म्हणाली असेल? "मला कळत होतं हो. मी तरी आईंना तोंडावर कसं म्हणू, राहू दे म्हणून? मीही तुम्हालाच सांगत राहिले." म्हणजे सासू-सुनेचं भांडण नाही, अबोला नाही, घर कसं सुरळीत, आणि ते कशावर उभं? माझ्या आळसावर! मी यादीला घाबरून कुढत होतो, आणि ह्या दोघी माझ्या भरवशावर निवांत झोपत होत्या. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. आईने हात फिरवला मशीनवरून, म्हणाली, "पट्टा निसटलाय, बसवून दे." तो मी बसवला. लगेच.

आणि मग एकदम आठवलं, यादीतलं दुसरं काम. हिच्या आत्याबाई गेली सहा वर्षं म्हणतायत, मला राहायला बोलवत नाही तुम्ही. ही प्रत्येक वेळी सांगते, "अहो आत्या, ह्यांना सांगितलंय तुम्हाला फोन करायला."

केला ना मी फोन! शिबिरातून! महिनाभर या म्हटलं, अगदी आग्रहाने.

हिला सांगितलं तेव्हा ही खालीच बसली. आई मशीनवर डोकं टेकून हसत होती की रडत होती, कळेना. तोच आत्याबाईंचा फोन आला, आज सव्वाचारच्या गाडीने येतेय, घ्यायला कोण येणार? आणि ही, माझ्याकडे टक लावून बघत, एकेक अक्षर तोलून म्हणाली, "तुम्ही काही काळजी करू नका, आत्या. ह्यांना सांगितलंय."

आता तुम्हीच सांगा, म्हणजे जाऊ की नको?

तेच विचारायला इथे बसलो. किती वाजले? पाच?

...बघू.