मालकांच्या आवाजाची बॅटरी

माझं माहेर पुणतांब्याचं, शाळा चौथीपर्यंत, मग लग्न करून दिलं ते इकडं संगमनेरच्या अंगाला. थोडं रान, दोन गाया, एक लेक. काय सांगू तुमाला, आमच्या मालकांचा आवाज असा हुता की बांधावरून हाक मारली तर गोठ्यातली गाय कान टवकारायची. मग तंबाखूनं घसा खाल्ला. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. जीव राहिला, आवाज गेला. मी म्हणलं, चालंल, तसं बी कामाचं थोडंच बोलायचे.

लेकीनं मग बोलायचं मशीन आणलं. मुठीत मावतं, गळ्याला लावायचं, बटण दाबायचं अन् तोंड हलवायचं, की आवाज निघतो, एकाच सुरातला, भुंग्यावानी. पहिल्या दिवशी गाय दावं तोडून पळाली. पण झाली सवय, गायीला बी अन् मला बी.

मशीनमधी एक बॅटरी हुती, लेकीनं एक जादा दिल्ती. आता आमच्याकडची रीत तुमाला ठावं हाय, नवं लुगडं ट्रंकेत, चांगली ताटं फळीवर, अन् वापरायचं ते फाटकं, पोचे पडलेलं. मालक म्हणले, नवी बॅटरी चिमीच्या लग्नाला काढू. चिमी म्हंजी लेकीची पोर, आमच्यापाशीच वाढली. आवाज हुता तवा शाळा सुटायची वेळ झाली की हे वेशीवर उभं राहून हाक मारायचे, चिमेऽऽ. तिनं सांगूनच ठेवलं हुतं, आजोबा, पाठवणीला मला तशी हाक मारायची, न्हाईतर मी गाडीत बसनार न्हाई.

लग्न तोंडावर आलं. जुनी बॅटरी पार थकलेली, दोन शब्दांत मशीन गप. ट्रंक उघडली, शालूच्या घडीतून नवी काढली, तर पुरीवानी टम्म फुगलेली. मालकांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. बोलनार काय, अन् कशानं?

गेलो संगमनेरला. पहिल्या दुकानदारानं एक पुढं केली, म्हणला, मावशी, वरचा आकडा बघा केवढा मोठा, दुप्पट चालंल. मी जुनी एका हातात घेतली, ही दुसऱ्या हातात. ही हलकी. म्हणलं, बाबा, भुईमुगाची शेंग दिसायला मोठी अन् आत दाना न्हाई, असली पोचट शेंग आमी गुरांपुढं टाकतो. तो हसला, म्हणला, शेंग येगळी, बॅटरी येगळी. म्हणलं, असंल, पन मला नको.

दुसऱ्या दुकानात एक बाई हुती. तिनं मशीन उघडलं, जुन्या बॅटरीवरचं व्होल्ट ताडून बघितलं. म्हणली, व्होल्ट जुळलंच पाहिजे, खाचेत अलगद बसली पाहिजे, मोठ्या आकड्याच्या मागं लागू नका. फुगलेली माझ्यापाशी द्या, तिला चार्जिंगला लावलं का टोचलं तर पेटंल. अन् जादाची ठेवायची तर अर्धी भरून ठेवा, मधून मधून वापरा, रिकामी पडून राहिली की आतल्या आत मरती. मालकांनी माझ्याकडं बघितलं. म्हणलं, माझ्याकडं काय बघता, लग्नाला काढू कोन म्हणलं हुतं? तर हसले, बिनआवाजाचं. तिच्याकडनं दोन घेऊन आलो.

पाठवणीला वाजंत्री थांबली. चिमी गाडीच्या दाराशी उभी. मालकांनी मशीन गळ्याला लावलं. आता त्या मशीनला हाक लांबवता येत न्हाई, रडता तर येतच न्हाई. चिमे, नीट जा. एवढंच. सगळा मांडव रडला. मी न्हाई रडले. भाताचं पातेलं करपत हुतं, कोनीतरी बघायला नको?

आता दोन बॅटऱ्या आलटून पालटून, एक दमली की दुसरी, जत्रेच्या वाटंवर बैलजोड्या बदलतात तशा. बोलतात दिवसभर. चहात साखर कमी हाय, गाय का हंबारती, दार का उघडं. एवढं तर तरुनपनी बोलले न्हाईत. शालू बी मी आता दर सनाला नेसते, ठेवून काय कसरीला घालायचा?

ऐका, भुंगा सुरू झाला. इचारतेत, पाव्हन्यांना चहा दिला का. देते, देते. तुमी बोलत ऱ्हावा.