उलटी वही

...आन वर लोक इचारत्यात, कुंडलिकला लाज कशी वाटली न्हाय? वाटली की. अजून वाटती. पण तुमाला सांगतो, चूक त्या वहीची... म्हंजे वही त्यानंच केली, ते ऱ्हाऊ द्या.

मिलच्या चाळीत आमचा धुळाप्पा परीट. कपड्यावर बिब्ब्याच्या शाईनं खूण घालायचा, नावाचं पहिलं अक्षर आन घराचा नंबर. कपडा फाटंल, पण खूण जायची न्हाय. त्याच्या वहीत आधी नाव, मग खूण. आता शर्ट हातात हाय, मालक कोण? तर चाळा अख्खी वही. कुंडलिक पडला मिलमधला कारकून, त्याला बघवंना. चार रविवार बसून त्यानं उलटी वही केली, आधी खूण, फुडं नाव, सगळं आयतं मांडलेलं. चाळभर सांगत सुटला, "आता डोकं चालवायचं कामच न्हाय. वहीत हाय म्हंजे हाय."

पण क-सात आलं दोनदा. एक ह्यो कुंडलिक, फुडच्या बोळात सात नंबर. दुसरा कोंडीबा, मागच्या बोळात सात नंबर. मग दोन्ही नावं लिहावीत का न्हाय? ह्यो म्हणला, एका खुणंला दोन मालक कसे, धुळाप्पाच चुकला आसंल... आन कोंडीबाचं नाव खोडलं. स्वतःचं कोण खोडतंय?

आन मग कोंडीबाच्या लेकीचा साखरपुडा. करमाळ्याचे पाव्हणे सतरंजीवर, कोंडीबा पांढऱ्या टेरिलीनच्या शर्टात. कुंडलिकचा तसलाच शर्ट आठ दिवस सापडत नव्हता. बायकोला इचारावं? वही असताना बायकोला कशाला इचारायचं? कोंडीबा व्याह्याला गंध लावाय वाकला, आन मी... म्हंजे कुंडलिकनं मागनं कॉलर उलटी केली. क-सात. "कोंडीबामामा, शर्ट माझा हाय. वहीत हाय म्हंजे हाय."

नवरदेवाची आई पदर सावरून उठाय लागली. चोराच्या घरात कोण पोरगं दील? कोंडीबानं शर्ट काढला, घडी घालून दिला, आन बनेलवर उभा ऱ्हायला, साठीचा माणूस, मान खाली घालून.

कुंडलिकनं तितंच शर्ट चढवला. आला गुडघ्यापातूर, बाह्यांत हात सापडंनात. तवर त्याची बायको वच्छला चहाचं पातेलं घेऊन आली. "अवो, तुमचा शर्ट मी भांडीवालीला दिला की. त्येच्यावरच तर हे पातेलं घेतलं." धुळाप्पा तितंच बसलेला, म्हणला, "दोघांची खूण एकच हाय वो. मी मापावरनं वळखतो. कोंडीबाचा दीड वीत मोठा."

व्याही हसला, बाई खाली बसली, सोयरीक वाचली. कुंडलिक गुंड्या काढाय लागला, तर कोंडीबा हळूच म्हणला, "ऱ्हाऊ द्या, कुंडलिकराव. वहीत तुमचंच नाव हाय की."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग धुळाप्पानं खूण बदलली. क-सात कोंडीबाची, कुंडलिकला दिली श-सात. इचारलं, "श कशाचा रं?" तर म्हणला, "शहाण्याचा." बिब्ब्याची शाई ती, कितीबी धुवा...

काय म्हणता, खोटं वाटतंय? मागं या. करा माझी कॉलर उलटी.