सतरा नंबरच्या पेट्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मुख्य कार्यालयातून मुद्दाम आलेले संचालक साहेब, आज निवृत्त होणारे आमचे मोठे साहेब, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि चहा गार होत असतानाही बसून राहिलेले माझे सहकारी,

मी दगडांच्या गोदामाचा कारकून. मला पाच मिनिटं मिळाली आहेत. साहेबांनी एका डोंगराला सव्वीस वर्षं दिली, तेव्हा माझी तक्रार नाही.

त्या डोंगरात तांबं आहे, हे साहेबांनी शोधलं. गाडीने दोन दिवस, पुढे खेचरावर एक दिवस. रस्ता झाला की खाण सुरू, असं मी नोकरीला लागलो तेव्हाच ठरलं होतं. रस्ता अजून व्हायचाय. तांबं आहे तिथेच आहे, त्याला कसली घाई?

मला दहावी नापासाला साहेबांनी दगड वाचायला शिकवलं. बोअर मारला की दगडाची कांडी वर येते. ती पेट्यांत ओळीने लावायची, वरचं आधी, खालचं नंतर. वर गंजलेला तांबूस दगड, मग हिरवी पुटं, आणि खोलवर पिवळा चकचकीत. साहेब म्हणत, "जमीन वरून खाली बोलते. आपण मध्ये बोलायचं नाही."

आता जुन्या मंडळींना सतरा नंबरचा बोअर आठवत असेल. अठरा वर्षं झाली. पिवळा दगड अगदी वर, गंज तळाशी, म्हणजे इथले थर उलटे झालेत, असा अहवाल साहेबांच्या सहीने गेला. तांब्याचा पिवळा दगड वरच मिळणार, म्हणून मुख्य कार्यालय हरखलं. मग शेजारीच अठरावा बोअर मारला. तिथे सगळं सुलट. साहेबांचं नाव 'उलटा डोंगर' पडलं, ते मीही ऐकून घेतलं. साहेबांना मिळणारं प्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. साहेबांनी लिहून दिलं, दगड वाचण्यात माझी चूक झाली.

संचालक साहेब, ती चूक त्यांची नव्हती.

गोदामाचं छप्पर गळलं होतं. एकोणसाठ पेट्यांवरचे खडूचे आकडे धुऊन निघाले. मी पेट्या उन्हात वाळवल्या, आणि परत लावताना पहिलं टोक कुठलं तेच कळेना. दगड वाचायला मी तेव्हा शिकलो नव्हतो. अंदाजाने लावल्या, आकडे परत खडूने घातले. अंदाज उलटा निघाला. साहेब वहिनींच्या ऑपरेशनसाठी शहरात होते. परतले त्याच दिवशी अहवाल जायचा होता. त्यांनी विचारलं, "क्रम बरोबर आहे ना?" मी म्हणालो, "हो साहेब." पुढच्या महिन्यात मी कायम होणार होतो. त्यांनी शंका दगडावर घेतली, माझ्यावर घेतली नाही.

अठराव्या बोअरनंतर ते गोदामात आले, पेट्यांवरचा खडू बोटाने पुसून पाहिला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर रंगाचा डबा आणि ब्रश ठेवला. "आजपासून आकडे रंगाने. खडू बंद." बस, एवढंच. मी कायम झालो. नव्या मुलांना वाटतं, ही पद्धत पुस्तकातली आहे.

वहिनी, ती बढती साहेबांनी नाही घालवली, मी घालवली. मला त्याची लाज वाटते, आणि हे सांगायला मी त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबलो, याची जास्त वाटते.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. सतरा नंबरचं मात्र घालू नका. ते साहेबांनी अठरा वर्षं पोटात घातलंय.