उलटे बाण

नलिनीबाई : ...हे खोडरबर घे आणि बाण फिरव, एवढंच तर म्हणतेय. मोहना, बडोद्याच्या विज्ञान प्रदर्शनाला आपल्या दहावीतून एकच नाव जायचंय. ते तुझं जावं असं मलाही वाटतं. पण प्रयोगात शून्य मिळवलेल्या मुलीचं नाव कोणत्या तोंडाने पाठवू?

मोहना : बाई, मी दिसलं तेच काढलंय.

नलिनीबाई : बलरेषा चुंबकाच्या उत्तर ध्रुवातून निघतात आणि दक्षिण ध्रुवात शिरतात. सातवीपासून घोकताय. लाल टोक उत्तर, निळं दक्षिण. आणि तुझे बाण लाल टोकात शिरतायत.

मोहना : होकायंत्राची सुईच तशी वळत होती. टिंबाटिंबाला थांबून बघितलं मी.

नलिनीबाई : मग बाकीच्या एकोणचाळीस जणांची होकायंत्रं काय झोपली होती?

मोहना : त्यांनी पुस्तकातली आकृती उतरवली. कुणाचं नाव नाही घेत.

नलिनीबाई : तुझंच होकायंत्र उलटं झालं असेल. होतं तसं कधी कधी.

मोहना : तेही पाहिलं. चुंबक लांब ठेवला की सुई उत्तरेलाच जाते. सकाळचं ऊन या खिडकीतून येतं ना, त्यावरून ताडलं.

नलिनीबाई : पाचला यादी जाते. लिहू का दुसऱ्याचं नाव?

मोहना : लिहा. मला रडू येतंय, बाई, पण खोटे बाण मी नाही काढणार. फक्त एकदा हा चुंबक टांगून बघा. लक्ष्मणकाका, दोरा आहे?

लक्ष्मण : आहे ने. प्रयोगशाळेच्या शिपायाकडे काय नसतं? हा घे.

नलिनीबाई : टांग. हातच्या कांकणाला आरसा कशाला. त्या लोखंडी कपाटापासून लांब धर.

(चुंबक गरगरतो, डुलतो, हळूहळू थांबतो.)

लक्ष्मण : लाल टोक तर दक्षिणेला गेलं.

नलिनीबाई : पुन्हा फिरव... परत तिकडेच. दुसरा टांग बघू... हाही? अहो, हे रंगवले कोणी?

लक्ष्मण : मीच, बाई, सुट्टीत. जुना रंग साव, अगदी पार उडून गेलेला. भाऊ मकरपुऱ्याला कारखान्यात आहे, त्याच्याकडून मशीनचा रंग आणला. काचेच्या कपाटातल्या त्या नालाच्या चुंबकाचे रंग शाबूत होते. त्याच्या लाल टोकाला जे टोक चिकटलं, त्याला लाल दिला. एका जातीचे म्हणून तर चिकटले ने?

मोहना : काका, चुंबकाचं उलट असतं. सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात, विरुद्ध असले तरच चिकटतात.

लक्ष्मण : म्हणजे बाराच्या बारा उलटे. आणि मी दोन-दोन हात दिले रंगाचे.

नलिनीबाई : तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, लक्ष्मण. तुम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलंय, आणि मी लाल-निळं बघून एकोणचाळीस वह्यांवर बरोबरच्या खुणा करत सुटले. आण ती वही इकडे.

मोहना : बाई, किती देताय?

नलिनीबाई : दहापैकी दहा. आणि प्रदर्शनाच्या यादीत तुझं नाव तूच लिही, चांगल्या ठळक अक्षरात. वीस वर्षं शिकवतेय मी, पोरी, पण आजच्याइतका आनंद क्वचितच झालाय.

लक्ष्मण : बाई, मी उद्याच सगळे खरवडून नीट रंगवतो.

नलिनीबाई : नका. पुढच्या वर्षीच्या वर्गालाही असेच द्या. कोण सुई बघून काढतं ते कळू दे.