ऊन उतरलं तरी ओढनी

माझा जन्म अर्नाळ्याचा आनि सासरही अर्नाळ्यातच, चार घरं पलीकडे, म्हनजे लग्न करून मी गेले कुठे तर आईच्या हाकेच्या अंतरावर. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून बोंबील वाळत घालते. एका बोंबलाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवायचं आनि जोडी दोरीवर टाकायची, बांबूला बांधलेल्या त्या दोऱ्यांना आम्ही वलांडी म्हनतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचायला मुलांच्या पुस्तकांवरून शिकले. आता बासष्ट झाली. आधी दोन मुलगे झाले, आनि मग बारा वर्षांनी, मी आशा सोडून दिल्यावर, निकू. नाव निकिता, पन हाक निकूच. दवाखान्यातली नर्स तिला माझ्या हातात देत म्हनाली, बाय, नाक तर तुमचंच घेऊन आलीय ही. काय सांगू तुम्हाला, माझ्या या नाकाचं तोवर कोनी कधी नाव काढलं नव्हतं, मी रडलेच.

वाळवनाच्या जागेवरचं ऊन विचारू नका. आम्ही सगळ्या बाया डोक्यावरून ओढनी घेऊन नाक-तोंड बांधतो, डोळे तेवढे उघडे, लांबून कोन कुठली ते चालीवरून ओळखायचं. तर निकूने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आनि म्हनाली, आई, मी येते तुझ्याबरोबर वलांडीवर. मी खूश. आजकालच्या पोरींना बोंबलाचा वास नको आनि माझी पोर सकाळपासून उन्हात उभी, मी गावभर मिरवलं. दोन वर्षं, ताई, दोन वर्षं मला कळलं नाय की ती कामासाठी येत नव्हती, तिथे तोंड बांधायला मिळतं म्हनून येत होती. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही ओढन्या सोडतो, घाम पुसतो, खिदळतो. हिची तशीच. आमची शेजारीन बायजा म्हनायची, काय गं नवरीबाई, घुंगट कोन सोडनार, नवरा आनू का? सगळ्या हसायच्या. मीपन हसायची.

घरात मात्र तिचं एकच. आई, माझं नाक वाकडं झालंय ना? नाय गं बाय. नीट बघ. बघितलं, सरळ आहे. डावीकडून बघ. आरशात बघायची, मोबाइलमध्ये बघायची, चमच्यात, एसटीच्या काचेत. मी दर वेळी म्हनायची, सुंदर दिसतेस गं. तासभर शांत, की परत तेच. मला वाटलं वय आहे, नखरे आहेत. मीठ-मिरच्या उतरवल्या, आई एकवीरेला नारळ बोलले. आनि आतून एक टोचायचंच, की नाक तर माझंच आहे, तर मी हिला दिलं काय?

मग धाकट्या मुलाची हळद आली. सगळं गाव आमच्या मांडवात, आनि ही सख्ख्या भावाच्या हळदीला तोंड बांधून. मला राग आला. सगळ्यांसमोर मी तिची ओढनी ओढली, म्हटलं, काय झालंय तुझ्या तोंडाला, दाखव ना सगळ्यांना! तिने दोन्ही हात नाकावर धरले आनि आत पळाली. बेंजो वाजतच होता. ती दोन दिवस जेवली नाय. तिसऱ्या दिवशी म्हनाली, आई, मला असं जगायचंच नाय.

ते ऐकल्यावर मी तिच्या खोलीतून हलले नाय. तिची माफी मागितली, आई असून मागितली. तेव्हा तिने उशीच्या खोळीतून एक कागद काढला. सहा महिन्यांपूर्वी ही पोर एकटी मुंबईला नाकाच्या ऑपरेशनची चौकशी करायला गेली होती. तो डॉक्टर भला मानूस. म्हनाला, बेटा, तुझ्या नाकात कापन्यासारखं काही नाय, आनि कापलं तरी तुझा हा त्रास जानार नाय, तू मनाच्या डॉक्टरला भेट, आनि तसं लिहून दिलं. तो कागद तिने लपवून ठेवला, फाडला मात्र नाय.

त्याच दिवशी आम्ही विरारला गेलो. डॉक्टरीन बाईंनी तासभर ऐकून घेतलं. म्हनाल्या, याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हनतात, हा आजार आहे, नखरा नाय. माझ्याकडे बघून म्हनाल्या, मावशी, तुम्ही दिलेलं नाकपन याला कारन नाय. मन एकाच जागी अडकतं, इतरांना जे दिसतही नाय ते तिला डोंगराएवढं दिसतं. गोळ्या दिल्या, म्हनाल्या, गुन यायला काही आठवडे जातील, मनाने बंद करू नका. आनि दर आठवड्याला दुसऱ्या एका मॅडमशी बोलायचं, त्या घरचा अभ्यास देनार. आरसा कमी, मोबाइलमध्ये बघनं कमी, आनि तोंड थोडं थोडं उघडं. आधी कोपऱ्यावरून दूध आनायचं, मग बस थांब्यापर्यंत, मग बसमध्ये बसायचं.

अभ्यास मलापन दिला, आनि माझाच कठीन. मॅडम म्हनाल्या, तिने विचारलं की उत्तर द्यायचं नाय. मी म्हटलं, म्हनजे लेक सुंदर आहे हेपन बोलू नको? म्हनाल्या, ती विचारेल तेव्हा नाय, तुमच्या उत्तराने घटकाभर बरं वाटतं आनि प्रश्न आनखी वाढतो. मला ते मांजरावरून कळलं. रोज दारात मांदेली टाकली तर मांजर जाईल कशाला? तेव्हापासून ती विचारते, आई, नाक वाकडं दिसतंय का, आनि मी म्हनते, निकू, हे आजार विचारतोय, मी बोलनार नाय, चल चहा पिऊ. पहिल्या वेळी ती रडली, मला दगड म्हनाली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आनि रडले.

आता वर्ष होत आलं. बसने विरारला उघड्या तोंडाने जाते. कॉलेजचा फॉर्म आनलाय, भरलेला नाय अजून. काही दिवस चांगले, काही दिवस परत खोलीत. वलांडीवर दुपारी ओढनी बांधते, बांधू दे, सगळ्याच बांधतात. मी संध्याकाळकडे डोळे लावून बसते. परवा ऊन उतरलं, बाया ओढन्या सोडायला लागल्या, आनि मी बोंबील काढत राहिले, मुद्दाम वर बघितलं नाय. बायजाच म्हनाली, अगं निकू, आज चहा तू आनायचा हां. मग बघितलं. ओढनी खांद्यावर होती, तिने तिच्याच टोकाने कपाळ पुसलं आनि म्हनाली, बायजामावशी, कालपन मीच आनला होता. नाकाच्या शेंड्यावर बोंबलाचं खवल्यासारखं काहीतरी चिकटलेलं, तिला पत्ताच नाय.

ताई, सुंदर हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तिने विचारलं नव्हतं, तरी मी गिळला, नाक विसरलेल्या पोरीला आठवन कशाला. म्हटलं, निकू, ती टोपली इकडे दे. तिने दिली.

आई एकवीरा तिला सांभाळो. एक दिवस असा येवो की मी तिला सुंदर म्हनेन आनि ती, आई, काम कर गं, म्हनून पुढे निघून जाईल. तोवर मी तोंड बंद ठेवते. तुमच्या घरी लेक असेल आनि तुम्हाला मोकळं बोलता येत असेल, तर आज जाऊन बोला, माझ्या वाटचंपन बोला.