फायबरची होडी

भडगावच्या स्टँडवर मंदाबाई चाळीसगावच्या गाडीच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे नौदलातले दोन जवान होते, एकाच गावचे, सुट्टी संपवून मुंबईला निघालेले. उन्हापेक्षा त्यांचंच जास्त तापलं होतं.

“सुकदेव, शिडाच्या होड्यांची शर्यत तू जिंकलाच नाहीस. तुझी होडी जिंकली.”

“अभिमन, नियमानं सगळ्या होड्या सारख्याच असतात रे. तेच माप, तेच शीड, तेच वजन.”

“म्हणे बठ्ठ्या सारख्याच शेतस! तुझी नवी, साच्यातून काढलेली फायबरची. माझी जुनी, प्लायवूडची. दुपारपर्यंत पाणी पिऊन म्हशीसारखी जड होते.”

“वजनाला तर बरोबर भरली होती.”

“कोरडी होती तेव्हा! आणि तुझी लाटेवर जरासुद्धा वाकत नाही. माझी बाजेसारखी कुरकुरते.”

“बरं बाबा, होडीच जिंकली.”

“मग गावानं फेटा होडीला बांधायचा होता. माझी सख्खी आई तुला ओवाळत होती, सुकदेव. आणि मी बाजूला टाळ्या वाजवत होतो.”

“असं कर, पुढच्या शर्यतीला फायबरची तू घे. मी साहेबांशी बोलतो. तुझी लाकडी मी चालवतो.”

रांग पुढे सरकली. अभिमन जागचा हलला नाही.

“भाऊ, सरका ना पुढे,” मंदाबाई म्हणाल्या.

“काय रे, घेतोस ना?”

“नको.”

“का?”

“राहू दे. मला लाकडीचीच सवय आहे.”