काढाची, पण ठेवाची

...नाही ना जी, तुम्हीच सांगा, एकच फाइल काढाची बी अन् ठेवाची बी, हे कसं होते? उरला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या एका रोलिंग मिलचा ट्रक तोलाचा धरमकाटा चालते, त्याचं सॉफ्टवेअर आमच्या समता कॉलोनीतल्या ऑफिसात मी पाहतो. त्याची पासवर्डवाली फाइल, जिच्याबिगर काटा चालूच होत नाही, मी चुकून गिटमधी टाकून बसलो. गिट म्हणजे समजा सगळ्या ऑफिसची सामायिक अलमारी, कोणीबी उघडून पाहावं! आमच्या अनुश्रीदीदी, वयानं लहान पण साहेब, मराठी सगळी समजते अन् बोलते हिंदीत. म्हणे, "भैया, गिट से हटाओ, अपने पास रहने दो." घ्या! काढाची, पण ठेवाची!

तुम्हाले सांगतो, त्या कमांडची सुरुवातच 'आरएम'नं होते, म्हणजे पुसून टाक! त्याच्यापुढं 'कॅश्ड' लिहिलं तरच आपल्याजवळची फाइल वाचते. अन् राहिलं लिहाचं तर? काटा बंद, ट्रक बंद, माही नोकरी बंद... भेव वाटून राहिलं होतं बाप्पा, खोटं काहून बोलू! दहादा वाचलं, डोळे मिटले, एंटर दाबलं. उघडून पाहतो तं फाइल जागच्या जागी! गिटमधून गायब, माह्याजवळ शाबूत. काढली, पण ठेवली! मी तं खुशीत चहा सांगितला.

चहा येण्याआधीच फोन आला. धरमकाट्यावरचे गुलाबराव. एरवी इतके जोरात बोलतात का फोन कानाले लावू देत नाहीत, अन् आज आवाज एकदम बारीक. म्हणे, "नरहर, काय केलं बाबू तू? काटा चालूच होऊन नाही राहिला. गेटापासून ट्रकच ट्रक आहेत."

झालं काय, का तिथल्या कंप्युटरनं गिटमधून नवीन काम उतरवलं, त्याले दिसलं का ही फाइल काढली आहे, अन् त्यानं आज्ञाधारकपणे आपल्याकडची पुसून टाकली! म्हणजे 'ठेव' होतं ते फक्त माह्यापुरतं, बाकी साऱ्या दुनियेले 'काढ'! हे कोणी आधी सांगाचं का नाही? गेली ना जी नोकरी... मी माही फाइल पाठवाले गेलो तं पत्ताच चुकीचा टाइप होऊन राहिला.

दीदीनं शांतपणे दोन बटनं दाबली अन् फाइल उरल्याले पोचली. ट्रक हलले. माह्या जिवात जीव आला. मी म्हटलं, दीदी, गिटमधून तं काढली होती, तुम्हाले भेटली कुठून?

"गिट की हिस्ट्री में तो पुराना सब रहता है ना, भैया."

"अन् पासवर्ड?"

"वो भी."

आता बोला! जिथून काढाची होती तिथून हलली नाही, अन् जिथं ठेवाची होती तिथंच राहिली नाही... चहा तेवढा थंडगार भेटला.